निवलेला गाळ

१

आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला मास्तरांनी उत्तर लिहिलं होतं. विमा कंपन्यांच्या छापील पत्रांनाही. फक्त एकाला नाही. ते एक पत्र अकरा वर्षं त्यांच्या चिठ्ठ्यांच्या कपाटात, 'न'च्या खणात, पाठमोरं पडून होतं.

पत्र एकाच पानाचं. अक्षर मोठं आणि ओळ संपता संपता खाली घसरणारं.

'परिभाषा कक्षास नमस्कार. माझा धाकटा भाऊ खड्डा नंबर चारवर पंप चालवायचा. सहा एप्रिलला तिथेच गेला. चौकशीच्या कागदात लिहिलंय की पिंपांत निवलेला गाळ होता आणि तो निरुपद्रवी असतो, म्हणून पंप धुताना भावानेच काहीतरी कशात तरी मिसळलं असावं आणि त्याच्या स्वतःच्या चुकीने वायू झाला. निवलेला हा शब्द तुम्ही केला असं कळलं. मला एवढंच सांगा, निवलेल्या गाळाने माणूस मरतो का? मरत असेल तर तुमचा शब्द चुकला. मरत नसेल तर माझा भाऊ चुकला. काय ते कळलं की मी पुन्हा त्रास देणार नाही. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.'

मास्तर प्रदूषण नियमन कार्यालयाच्या परिभाषा कक्षात होते. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि ते स्वतः. घातक कचऱ्याचे नियम अवजड भाषेत येत, आणि तो कचरा हाताने उचलणाऱ्या माणसांना ते कळत नसत. मास्तरांनी त्यांच्यासाठी सोपे शब्द शोधायचे. खड्ड्याच्या तळातून पाझरणाऱ्या काळ्या पाण्याला 'झिरपणी' त्यांनीच म्हटलं. विषारी गाळ सिमेंटात कालवून दगडासारखा होईपर्यंत मुरवला की त्याला काय म्हणायचं, यावर ते आठवडाभर अडले होते. मग एका सकाळी दुधाचं पातेलं उतरवताना त्यांना 'निवलेला' सुचला. आधी पोळतं, निवलं की पोळत नाही. त्या शब्दाचा त्यांना एक अख्खा दिवस आनंद झाला होता.

ते पत्र आल्यापासून अकरा वर्षं त्यांनी तो शब्द तोंडातून काढला नाही. चहा गार होई, दूध थंड होई, त्यांच्या घरात काहीच निवत नसे.

आणि दुपारच्या वेळी, घरी आणलेल्या त्या कपाटापाशी कुणीतरी उभं असे. मास्तरांनी पंपवाल्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे चेहरा दिसत नसे. हातात रबरी मोजे असत. काही बोलणं नाही, मागणं नाही. खिडकीशी आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसासारखं नुसतं उभं राहणं.

त्या गुरुवारीही तो उभा होता. मास्तर आणि तपासनीस बुद्धिबळ खेळत बसले होते. तपासनीस हा त्यांचा नोकरीतला एकुलता एक मित्र. खड्ड्यांवर जाऊन तपासणी करणं हे त्याचं काम. आता दोघंही निवृत्त, आणि दर गुरुवारी पट मांडलेला.

दार ढकलून भाची आत आली ती ओरडतच.

"मामा! दूध करपून कोळसा झालंय, जिन्यापर्यंत वास येतोय. हा आपला वजीर वाचवतोय!" तिने धावत जाऊन गॅस बंद केला. "आणि काका, तुम्ही तर स्वयंपाकघराच्या दारातच बसलाय. नाकाला बूच लावलंय का?"

"वय झालं, बाळ," तपासनीस हसला. "आता एकेक अवयव राजीनामा देतोय."

मास्तर ओशाळले. त्यांनाही वास आला नव्हता असं नाही. आला होता, पण कपाटापाशी बघण्यात तो मनापर्यंत पोचला नव्हता.

भाची त्यांच्याच जुन्या कार्यालयात अभिलेखागार सांभाळायची. खिडकी उघडून ती दोघांच्या मध्ये स्टुलावर बसली.

"मामा, एक विचारायचं होतं. खड्डा चारवर मेलेल्या पंपवाल्याची बहीण दर एप्रिलला अर्ज करते, फाइल बघू द्या म्हणून. आजवर कुणी दाद दिली नाही. आता नियम बदलला, नातेवाइकांना फाइल दाखवावीच लागते. म्हणून मी काढायला गेले. फाइल जागेवर आहे. दोरी आहे, गाठ आहे, वर नंबर आहे. आत सगळे कोरे कागद."

पटावरचं एक प्यादं खाली पडलं. तपासनीस वाकून ते शोधू लागला.

"जुन्या फायली," तो टेबलाखालून म्हणाला. "वाळवी लागते, हरवतात. गेलेल्या माणसाला कशाला उठवतेस?"

"वाळवी कोरे कागद घालून गाठ मारत नाही, काका. मी नोंदवही पाहिली. त्या वर्षी तेरा जूनला फाइल एकदाच बाहेर गेली." ती मामाकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "परिभाषा कक्षाकडे. तुझ्या नावावर, मामा."

२

तपासनीस डाव अर्धवट टाकून गेला. जाताना त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी आहे," एवढंच म्हणाला. अकरा वर्षांपूर्वीही तो असंच म्हणाला होता.

"तू नेली होतीस फाइल?" भाचीने विचारलं.

"नाही गं." मग नेहमीप्रमाणे त्यांना स्वतःचाच संशय आला. "निदान मला आठवत नाही."

"मामा, तू लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलंस तर माफीचं पत्र लिहितोस. फाइल नेली असतीस तर आठवलं असतं."

मास्तर उठले, 'न'चा खण ओढला आणि ते पत्र तिच्या हातात ठेवलं. तिने दोनदा वाचलं. मागे चिकटलेलं पाकीट पाहिलं. त्यावर बहिणीने स्वतःचाच पत्ता लिहिला होता आणि कोपऱ्यात जुनं तिकीट होतं.

"उत्तर का नाही दिलंस?"

"काय देणार? मरतो म्हटलं तर माझ्या शब्दाने तिचा भाऊ मारला. मरत नाही म्हटलं तर भावाला मी दुसऱ्यांदा मारला." ते कपाटाकडे बघत बोलत होते. "अपघातानंतर चार दिवसांनी तपासनीस आला होता. म्हणाला, तुझा नवा शब्द यार्डात आधीच पोचला होता, कुणीतरी पावतीवर वापरला, तो वाचून माणसं गाफील राहिली. म्हणाला, मी सांभाळून घेतो, तू गप्प बस. मी दुसऱ्याच दिवशी तो शब्द खोडला. जूनच्या यादीत त्याच्या जागी 'बांधलेला गाळ' गेला."

"आणि ती पावती तू स्वतः पाहिलीस?"

"मी?" मास्तरांना प्रश्नच कळेना. "मला धीर झाला नाही."

भाची उठून उभी राहिली. अभिलेखागारातल्या माणसांना एक खोड असते. कागद बघितल्याशिवाय ती आईच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवत नाहीत.

"घातक कचऱ्याची पावती पाच रंगांत निघते. पांढरी, पिवळी, गुलाबी, निळी फायलींना लागतात. त्या गेल्या. हिरवी कुणाची असते?"

"ट्रक चालवणाऱ्याची," मास्तर म्हणाले, आणि ते चपला शोधू लागले.

३

तेव्हाचा ट्रकवाला आता टायरचं दुकान चालवत होता. हात काळे, डोळे मिस्कील.

"चिठ्ठीमास्तर ना तुम्ही? आमच्या पावत्यांवरचे शब्द तुम्ही बदलायचे आणि शिव्या आम्ही खायच्या! एक शब्द पाठ झाला की दुसरा. आणि तपासनीस साहेबांना जुना चालायचा नाही, पावती तोंडावर फेकायचे. हिरव्या हव्यात? या."

दुकानामागच्या खोलीत फळीवर बिस्किटांचे नऊ डबे होते. प्रत्येकावर साल. डब्यात आठवड्याच्या पावत्यांची एकेक गड्डी, सुतळीने बांधलेली.

"शनिवारी वजनकाट्याच्या खिडकीत आठवड्याच्या सगळ्या पावत्या यायच्या. सह्या ठोकायच्या, हिरव्या फाडायच्या, घरी येऊन बांधायच्या. झोपायच्या आधी. बायको म्हणायची, एवढी काळजी माझी घेतली असती तर!"

मास्तरांनी त्या सालातल्या मार्चच्या गड्ड्या चाळल्या. चारच्या खड्ड्याची पावती नव्हती. भाचीने एप्रिलची गड्डी सोडली. अपघाताच्या आठवड्याची. सहावा कागद तोच होता.

पिंपं चाळीस. खड्डा चार. कचऱ्याचा प्रकार: निवलेला गाळ, एकवीस दिवस मुरवलेला. तारीख: वीस मार्च.

"वीस मार्चची पावती एप्रिलच्या गड्डीत कशी?" भाचीने विचारलं.

ट्रकवाल्याने डोकं खाजवलं. "ती पिंपं मीच नेली होती, वीसलाच. फाटकाच्या वहीत आकडा लिहिला आणि सोडलं. पावती नंतर होईल म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"फाटकावरचा. त्याला वरून सांगितलं होतं. कुणी, ते त्याला विचारायला पाहिजे होतं. तोही गेला गेल्या साली." त्याने सुतळी बोटाला गुंडाळली. "पावती आली तो शनिवार लक्षात आहे माझ्या. पंपवाला गेला तोच आठवडा. खिडकीत कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं. मी गठ्ठ्यावर सह्या केल्या आणि निघालो. चांगला होता हो तो. हातमोजेही धुऊन वाळत घालायचा."

मास्तर कागदाकडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की ट्रकवाल्याने खुर्ची पुढे केली.

"मामा, काय झालं?"

"तारीख," मास्तर म्हणाले. "वीस मार्च." मग फार हळू, जणू कुणाची माफी मागत असल्यासारखे, ते म्हणाले, "वीस मार्चला हा शब्द जगात नव्हता गं."

४

घरी येऊन त्यांनी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणातून खोडलेल्या चिठ्ठ्यांची पेटी काढली. रद्द झालेला शब्दही मास्तर फेकत नसत. फेकवत नसे.

नवा शब्द सुचला की ते जाड कागदाच्या चिठ्ठीवर तो अर्थासकट लिहीत आणि तारीख घालत. मग ती चिठ्ठी पाकिटातून फिरे. आधी प्रयोगशाळेतल्या बाई, मग तपासनीस, मग मोठे साहेब. ज्याच्याकडे जाई तो दुरुस्ती करून, मागे सही-तारीख टाकून पुढे पाठवी. चिठ्ठी एकच असे. नक्कल काढायची नाही हा मास्तरांचा नियम होता. अर्धवट शब्द बाहेर पडलेला त्यांना सोसत नसे.

भाचीने चिठ्ठी दिव्याखाली धरली.

"तीन एप्रिल, तुझं अक्षर. 'निवलेला गाळ: सिमेंटात सात दिवस मुरवलेला.' सात खोडून कुणी एकवीस केलंय?"

"बाईंनी. त्यांची सही बघ, चार एप्रिल."

"मग तपासनीस काका. आले पाच एप्रिल, परत दहा एप्रिल. मोठ्या साहेबांची सहीच नाही."

"ते महिनाभर परदेशी होते. पाकीट तपासनिसाकडून थेट माझ्याकडे आलं."

"आणि हे लाल शाईत एकवीस खोडून अठ्ठावीस?"

"ते मी. दहाला. बाईंनी फोनवर सांगितलं होतं. कधी, ते मात्र लक्षात नाही."

भाचीने हिरवी पावती चिठ्ठीशेजारी ठेवली.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "पिंपं आली वीस मार्चला, पावतीशिवाय. सहा एप्रिलला माणूस मेला. मग कुणीतरी मागच्या तारखेची पावती तयार केली. तारीख खोटी घालता येईना, कारण फाटकाच्या वहीत वीस मार्च होती. पण शब्द घातला नवा कोरा. आणि पावतीवर एकवीस आहे, सात नाही. म्हणजे बाईंनी आकडा बदलल्यावर चिठ्ठी ज्याच्या हातात होती, त्याने. उरतात दोघं."

"बाई आणि तो," मास्तर म्हणाले.

"आणि तू. फाइल तुझ्या नावावर आहे."

ती गमतीत म्हणाली होती. मास्तरांनी मात्र मनातल्या मनात स्वतःची उलटतपासणी घेतली, आणि मध्येच त्यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. कपाटापाशी आज कुणी उभं नव्हतं. तो माणूस टेबलापाशी आला होता. चिठ्ठी वाचत होता.

५

प्रयोगशाळेतल्या बाईंनी दार साखळीवर उघडलं.

"तुम्ही! मला वाटलं, संकोचाने मेला असाल एव्हाना."

बाई तशाच होत्या. ताठ, तोंडाळ, चष्मा कपाळावर. घरभर कुंड्या, आणि प्रत्येक कुंडीत पाणी किती घातलं त्याची पाटी. मास्तरांनी काही न बोलता पावती पुढे केली. बाईंनी ती वाचली आणि चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला.

"हे मी लिहिलंय असं वाटतंय तुम्हाला."

भाचीच म्हणाली, "एकवीस तुमचाच आकडा आहे, बाई."

"होता. चार तारखेला मी तो लिहिला आणि मला झोप लागेना. सिमेंट पुरतं घट्ट व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात, हे मी शाळेतल्या पोरांना शिकवलेलं आणि स्वतःच चुकले. सहा तारखेला ऑफिस उघडल्या उघडल्या यांना फोन केला. पहिलाच फोन. हे म्हणाले, चिठ्ठी परत आली की दुरुस्त करतो." बाई मास्तरांकडे वळल्या. "आठवतं? की तुम्हाला तुमच्या चुका तेवढ्या आठवतात?"

"टिपणवहीत असेल," मास्तर पुटपुटले.

"असेलच. तो पंपवाला गेला दुपारी तीनला. त्यानंतर मला खोटी पावती करायची असती तर जो आकडा सकाळीच चुकीचा म्हणून मागे घेतला, तो मी लिहिला असता? खोटंसुद्धा मी बरोबर लिहिलं असतं!"

भाचीला हसू आलं. बाईंना नाही.

"तो गाळ बांधलेला नव्हताच. आधी नमुना माझ्याकडे यायला हवा होता, तो आलाच नाही. कच्चा गंधकाचा गाळ. त्याला आम्लाचं पाणी लागलं की कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा वायू सुटतो. खड्डा चार आणि आम्लाच्या टाकीचा नाला एकच होता. पंपवाल्याने काहीही मिसळलं नाही. मिसळायची गरजच नव्हती." त्यांचा आवाज खाली आला. "वाईट वायू तो. थोडा असतो तेव्हा वास येतो. वाढला की आधी नाक मरतं. माणसाला वाटतं, गेला वास, सुटलो. तेवढ्यात तो आडवा होतो. काठावर उभे असलेले वाचतात. पण त्यातल्या काहींचं नाक पुढे जन्मभर मेलेलंच राहतं."

दोघं जिना उतरली. खाली रस्त्यावर कुणीतरी तेल तापवत होतं, धूर डोळ्यांत जात होता.

"मामा," भाची म्हणाली, "काका त्या दिवशी कुठे होते?"

"मुख्यालयात. मीटिंगला. त्यानेच सांगितलं होतं."

दोघंही थांबली. दोघांनाही एकाच वेळी ते करपलेलं दूध आठवलं.

६

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी पट मांडला, पण सोंगट्या मांडल्या नाहीत. पटाच्या मधोमध त्यांनी हिरवी पावती ठेवली आणि तिच्याशेजारी चिठ्ठी. भाची स्वयंपाकघरात राहिली. मास्तरांनीच तसं सांगितलं होतं. आयुष्यात एक काम तरी आपल्याच तोंडाने करावं, असं त्यांना वाटत होतं.

तपासनीस आला, बसला आणि पटाकडे बघून त्याने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

"हिरवी," तो म्हणाला. "मी चार रंग गोळा केले आणि हिरवी विसरलो."

मास्तरांनी पाठ करून ठेवलेलं सगळं एका दमात म्हटलं, मान वर न करता. "चिठ्ठी पाच ते दहा तुझ्याकडे होती. एकवीस आकडा तेव्हाच तिच्यावर होता. बाईंनी तो सहाला सकाळी मागे घेतला, तुला ते ठाऊक नव्हतं. तुला नेहमी नवाच शब्द लागायचा. जुना शब्द लिहिला असतास तर कधी सापडला नसतास. दहाला येऊन तू मला घाबरवलंस. मी घाबरलो आणि शब्द खोडला. बारा जूनला यादी छापून आली, तिच्यात तो नव्हता. तुझ्या पावतीवर असा शब्द राहिला जो कुठल्याच यादीत नाही. म्हणून तेराला फाइल नेलीस. माझ्या नावावर." त्यांनी पावतीवर बोट ठेवलं. "माझ्याच का रे?"

"कारण तू कधी तक्रार केली नसतीस," तपासनीस म्हणाला. त्याच्या आवाजात उपहास नव्हता. "उलट तुला वाटलं असतं, आपणच नेली असेल."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं आणि थांबलं.

"गाळात सिमेंट कालवायची शेड बंद पडली होती," तपासनीस सांगू लागला. "चाळीस पिंपं रस्त्यावर उभी. आठवडाभर चारमध्ये ठेवू, शेड सुरू झाली की काढू, पावती तेव्हाच करू. फाटकावर मी सांगितलं. आठवड्याचे अडीच झाले. सहा तारखेला मी तिथेच होतो. काठावर. तो खाली पंपापाशी वाकला होता. मी हाक मारणार तेवढ्यात वास गेला. मला बरं वाटलं, रे. मला वाटलं, बरं झालं, गेला वास."

त्याने पटाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्यानंतर कशाचाच आला नाही. नातवंडं झाली, त्यांच्या टाळूचा नाही. बायको गेली, तिच्या साड्यांचा नाही. फक्त कधीकधी पहाटे तो एकच येतो. तोच. मग मी उठून सगळ्या खिडक्या उघडतो."

मास्तरांनी पहिल्यांदाच मान वर केली. आपल्या घरी दुपारी जो उभा राहतो, तो पहाटे कुठे जातो, ते त्यांना कळलं.

"कागद जाळलेस?"

"हिंमत झाली नाही." तपासनिसाने पायाशी ठेवलेली पिशवी पटावर ठेवली. "गेल्या गुरुवारी तुझ्या भाचीने सांगितलं तेव्हाच ठरवलं होतं, आज आणायचे. पायऱ्यांवर दोनदा परत फिरलो. आत माझा जबाबही आहे. सही केलेली आहे. तारीख आजचीच."

तो उठला. दारापाशी थांबून त्याने विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"

मास्तरांनी पिशवी आपल्याकडे ओढली. तपासनिसाने मान हलवली आणि तो जिना उतरून गेला.

७

पिशवीत जबाबाबरोबर फायलीतले सगळे कागद होते: पावतीचे चारही रंग आणि खड्डा चारच्या रोजनाम्याचं फाडलेलं पान. पंपवाल्याच्या हातचं. अक्षर बहिणीसारखंच, मोठं आणि खाली घसरणारं.

'चार एप्रिल. तपासनीस साहेबांस. नवीन चाळीस पिंपांपाशी वास येतो. पिंपांवर काहीच लिहिलेलं नाही. यांना काय म्हणायचं आणि वर काय लिहायचं ते कळवा, म्हणजे त्याप्रमाणे मोजे-मुखवटा घालतो.'

खाली उत्तरासाठी दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या.

मास्तर त्या दोन कोऱ्या ओळींकडे बघत राहिले. शब्द एकटे आपणच शोधत नव्हतो, तोही शब्दच मागत होता. दोन दिवस वाट पाहिली त्याने. त्याच्या बहिणीने अकरा वर्षं.

भाचीने सगळ्या कागदांच्या नकला काढल्या. अस्सल कागद नोंद करून फायलीत गेले, जबाब वर गेला, आणि चौकशी पुन्हा उघडायचा प्रस्तावही. "बहिणीला फाइल दाखवायचं पत्र मी काढते," ती म्हणाली. "पण तिने प्रश्न ऑफिसला नाही विचारलेला, मामा. तुला विचारलाय."

मास्तर टेबलाशी बसले. पहिले तीन कागद फाडले. तिन्हींत माफी इतकी लांब झाली की उत्तराला जागाच उरली नाही. चौथ्यावर त्यांनी आधी उत्तर लिहिलं.

'ताई, तुमचा भाऊ चुकला नव्हता. निवलेल्या गाळाने माणूस मरत नाही. पण त्या पिंपांत निवलेलं काहीच नव्हतं, कच्चं विष होतं. माझा शब्द त्यांवर नंतर, तुमचा भाऊ गेल्यावर चिकटवण्यात आला. पिंपं आली तेव्हा तो शब्द झालेलाच नव्हता, हे मी तारखेनिशी सांगू शकतो, कारण तो मीच केला. हे मला अकरा वर्षांपूर्वी एक कागद बघून सांगता आलं असतं. मी बघितला नाही. तो दोष माझा आहे, त्यात दुसरं कुणी नाही. सोबत तुमच्या भावाच्या हातच्या चार ओळींची नक्कल पाठवतो. त्याने विचारलं होतं. तो गाफील नव्हता. चौकशीत मला बोलावतील तेव्हा मी हेच सांगेन.'

त्यांनी सही केली. आजवर 'परिभाषा कक्ष' अशी करत, या वेळी स्वतःचं नाव लिहिलं. मग बहिणीने पाठवलेलं तेच पाकीट घेतलं. डिंक सुकून गेला होता, नवा लावावा लागला. जुन्या तिकिटाशेजारी त्यांनी आणखी तिकिटं ओळीत चिकटवली. अकरा वर्षांत दर वाढले होते.

"मामा, चहा ठेवलाय. पिऊन जा, गरम आहे."

मास्तर चपला घालत होते. त्यांनी कपाटाकडे पाहिलं. तिथे ऊन होतं, आणि उन्हात धूळ.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आलोच मी. तोवर निवेल."

भाची कप हातात धरून तशीच उभी राहिली.

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी होती, शिंप्याच्या दुकानाला लागून. मास्तरांनी पत्ता एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग पाकीट फटीत सारलं, टोक बोटांत धरून क्षणभर थांबले, आणि बोटं सोडली.